निबंधाचे बक्षीस आणि जगाचे करार



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून आपल्यापैकी काही जणांच्या कपाळावर आठ्या उमटल्या असतील. निसर्गाच्या रक्षणासाठी राष्ट्राराष्ट्रांत झालेले करार, आणि त्या करारांचा अभ्यास करून निबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यास द्यावयाचे पारितोषिक! हा विषय जिनिव्हास शोभेल, नैरोबीस शोभेल. परंतु वैशाखात विहिरींचे तळ दिसू लागतात अशा आपल्या धाराशिव जिल्ह्यात त्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न कोणी विचारला तर तो गैर नव्हे. मलाही प्रथम तसेच वाटले होते. जगातील अनेक विद्यापीठांत आणि विधी महाविद्यालयांत अशी बक्षिसे आज दिली जातात. त्यांची वार्ता वाचताना मनात आले, की आपल्या जिल्ह्यातील एखाद्या मुलाने किंवा मुलीने असा निबंध लिहावयाचा ठरविले, तर तिने काय लिहावे? ह्या प्रश्नाचा पाठपुरावा करताना इतिहासाची बरीच पाने उलटावी लागली. त्यांतील काही आज आपल्यासमोर ठेवावयाची आहेत.

निबंधाचे बक्षीस ही गोष्ट आपण फार हलकी समजतो. शाळेच्या स्नेहसंमेलनात पाहुण्यांच्या हस्ते एक पुस्तक मिळावे, टाळ्या व्हाव्यात, आणि निबंधाची वही माळ्यावर जावी, एवढाच आपला अनुभव. परंतु विद्यार्थ्याच्या एका बक्षीसपात्र निबंधाने जगाचा व्यवहार हलविल्याचे एक उदाहरण इतिहासात नमूद आहे. १७८५ साली केंब्रिज विद्यापीठाचे कुलगुरू पीटर पेकार्ड ह्यांनी लॅटिन निबंधासाठी एक विषय दिला : माणसांना त्यांच्या इच्छेविरुद्ध गुलाम करणे न्याय्य आहे काय? टॉमस क्लार्कसन नावाच्या पंचविशीच्या तरुणाने स्पर्धेत भाग घेतला. त्याचा हेतू काही थोर नव्हता. आदल्या वर्षीही त्याने बक्षीस पटकावले होते. विद्वान म्हणून आणखी नाव व्हावे, इतकीच त्याची इच्छा होती. पण निबंधासाठी तो आफ्रिकेतील गुलामांच्या व्यापाराची माहिती जमवू लागला आणि त्याची झोप उडाली. विषय लॅटिन व्याकरणाचा राहिला नाही. बक्षीस मिळाले, निबंध विद्यापीठात वाचून झाला, आणि लंडनच्या वाटेवर वेड्समिल गावाजवळ घोड्यावरून उतरून हा तरुण रस्त्याच्या कडेला बसला. आपण लिहिले ते जर खरे असेल, तर हे कोणीतरी थांबविले पाहिजे, हा विचार त्याला तेथे गाठून बसला. पुढच्या वर्षी त्याने निबंध इंग्रजीत छापला. १७८७ साली गुलामांच्या व्यापाराविरुद्ध समिती उभी राहिली. क्लार्कसन बंदराबंदरांतून हिंडला, खलाशांच्या जबान्या घेतल्या, बेड्या आणि साखळ्यांचे नमुने गोळा केले. १८०७ साली ब्रिटिश पार्लमेंटने तो व्यापार कायद्याने बंद केला, आणि नंतरच्या काळात त्या बंदीसाठी राष्ट्राराष्ट्रांत तह झाले.

ह्या कथेत एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. निबंध लिहून क्लार्कसन थांबला असता, तर आज त्याचे नाव कोणी घेतले नसते. लिहिलेले पडताळून पाहावयास तो घराबाहेर पडला, ह्यात त्या बक्षिसाचे सार्थक झाले.

आता आपल्या घराकडे वळू. आपल्याकडेही विद्येसाठी बक्षीस देण्याची परंपरा जुनी आहे. खंडेराव दाभाडे ह्यांनी सुरू केलेली आणि पुढे पेशव्यांनी चालविलेली श्रावणातील दक्षिणा सर्वांस ठाऊक आहे. देशोदेशींचे शास्त्रीपंडित पुण्यास जमत, परीक्षा होई, आणि योग्यतेप्रमाणे द्रव्य मिळे. पेशवाई गेल्यावर इंग्रजांनी ही दक्षिणा एकदम बंद केली नाही. रक्कम कमी केली आणि तिच्यातील काही भाग १८२१ साली पुण्यात निघालेल्या संस्कृत पाठशाळेकडे वळविला. पुढे १८४९ साली पुण्यातील काही तरुणांनी सरकारकडे अर्ज केला, की हे द्रव्य मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांस द्यावे. आज ही मागणी किती साधी वाटते! पण त्या काळी शहरात मोठी खळबळ उडाली. अर्जदारांवर धर्म बुडविल्याचा आरोप आला. त्यांच्या संरक्षणासाठी जोतीराव फुले आपली माणसे घेऊन उभे राहिले, असे फुल्यांच्या चरित्रकारांनी लिहिले आहे. अखेर सरकारने मागणी अंशतः मान्य केली. १८५१ साली दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली, आणि मराठी ग्रंथांस पारितोषिके मिळू लागली.

वाद पैशाचा होता खरा, पण त्याच्या मुळाशी भाषेचा प्रश्न होता. ज्ञान कोणत्या भाषेत असावे, आणि ते कोणापर्यंत जावे? संस्कृत जाणणाऱ्या मूठभरांपर्यंत, की मराठी बोलणाऱ्या सर्वांपर्यंत? पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केली, तीही ह्याच प्रश्नाच्या उत्तरादाखल होती असे मी समजतो. आज आपण ज्या मांडवाखाली बसलो आहोत, त्याची एक दोरी तेथे बांधलेली आहे.

मराठवाड्यापर्यंत हे वारे पोहोचावयास वेळ लागला. आपण निजामाच्या राज्यात होतो. राज्यकारभाराची भाषा उर्दू, उच्च शिक्षणाची भाषा उर्दू. हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली निघाले तेही उर्दू माध्यमाचे. एका देशी भाषेत उच्च शिक्षण देण्याचा तो प्रयोग स्वतंत्रपणे पाहता धाडसाचा होता, हे मान्य केले पाहिजे. परंतु मराठी मुलाच्या वाट्यास त्यातून परकेपणच आले. अशा काळात ह्याच जिल्ह्यात, आजच्या लोहारा तालुक्यातील हिप्परगा येथे १९२१ साली राष्ट्रीय शाळा निघाली. स्वामी रामानंद तीर्थांनी तेथे शिकविले आणि १९३० साली तेथेच संन्यासदीक्षा घेतली. एका आडगावच्या शाळेतून राज्याचे भवितव्य बदलणारी माणसे निघाली. तेव्हा आडगाव आहे म्हणून विचार लहान असला पाहिजे, हा समज निदान ह्या जिल्ह्याने तरी बाळगू नये.

आणि जगाशी संबंध म्हणाल, तर तो आपल्याला नवा नाही. तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या समुद्रप्रवासाच्या माहितीपुस्तकात तगराचे नाव आहे. येथील कापड गाड्यांतून भडोच बंदरास जाई आणि तेथून पश्चिमेकडील देशांस. तेरच्या संग्रहालयात रामलिंगप्पा लामतुरे ह्यांनी जमविलेल्या वस्तू पाहिल्या, की तेरणेच्या काठावर दोन हजार वर्षांपूर्वी रोमचा वारा लागत होता हे पटते. व्यापार आला की करार आलाच. फरक एवढाच, की तेव्हाचे करार मालाविषयी होते. आताचे हवेविषयी, पाण्याविषयी, मातीविषयी आहेत.

हे नवे करार कसे जन्मास आले? विसाव्या शतकाच्या आरंभीचे करार शिकारीच्या हिशेबातून निघाले. उत्तर प्रशांत महासागरात सीलांची कातड्यांसाठी इतकी कत्तल झाली, की धंदाच बुडण्याची वेळ आली. तेव्हा १९११ साली अमेरिका, ब्रिटन, जपान आणि रशिया ह्यांनी खुल्या समुद्रातील शिकार बंद करण्याचा करार केला. त्यात निसर्गप्रेम थोडे आणि हिशेब फार होता. परंतु समुद्र कोणा एकाचा नसल्यामुळे, एकट्याने शहाणपणा करून भागत नाही, हे तत्त्व तेथे मान्य झाले.

खरे वळण १९७२ सालचे. त्या वर्षी ५ ते १६ जून ह्या दिवसांत स्वीडनची राजधानी स्टॉकहोम येथे मानवी पर्यावरणाविषयी संयुक्त राष्ट्रांची परिषद भरली. ११३ देश हजर होते. यजमान स्वीडनचे पंतप्रधान सोडले, तर परदेशातून आलेल्या सरकारप्रमुख एकट्या इंदिरा गांधी होत्या. १४ जूनच्या भाषणात त्यांनी श्रीमंत राष्ट्रांपुढे अवघड प्रश्न ठेवला. ज्यांचे जगणेच मुळात दारिद्र्याने नासले आहे, अशा खेड्यांतील आणि झोपडपट्ट्यांतील माणसांना आम्ही नद्या आणि हवा स्वच्छ ठेवा असे कोणत्या तोंडाने सांगावे, असा त्याचा आशय होता.

आता हे वर्ष आणि हा महिना ध्यानात घ्या. १९७२ चा जून! स्टॉकहोममध्ये हे भाषण होत असताना महाराष्ट्रात शेतकरी आकाशाकडे डोळे लावून बसला होता. आधीची दोन वर्षे तोकडी गेली होती, आणि त्या वर्षीच्या पावसानेही दगा दिला. बाहत्तरचा दुष्काळ म्हणजे काय, हे येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना मी सांगावे असे नाही. खडी फोडणारे हात, नालाबंडिंगची आणि पाझर तलावांची कामे, परदेशातून आलेला लाल मिलो, आणि पोरांच्या हातावर पडणारी सुकडी! मे १९७३ मध्ये राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. जगाने पर्यावरण हा शब्द ज्या वर्षी शिकावयास घेतला, त्याच वर्षी मराठवाड्याने त्याचा अर्थ अंगावर काढला. पण ह्या दोन घटना एकाच पुस्तकात एकत्र लिहिलेल्या मला क्वचितच आढळल्या. एक परराष्ट्र व्यवहाराच्या प्रकरणात जाते, दुसरी रोजगार हमीच्या. आपल्या विद्यार्थ्याने निबंधाचा पहिला परिच्छेद येथून सुरू करावा, असे मी सुचवीन.

कारण दोहोंतून कायदे निघाले. स्टॉकहोमनंतर भारताच्या राज्यघटनेत १९७६ साली बेचाळिसावी दुरुस्ती झाली. पर्यावरणाचे रक्षण हे राज्याचे धोरण आणि नागरिकाचे कर्तव्य म्हणून लिहिले गेले. १९८१ चा हवेविषयीचा आणि १९८६ चा पर्यावरण संरक्षणाचा, अशा दोन्ही कायद्यांच्या प्रास्ताविकात स्टॉकहोमचा उल्लेख आहे. राज्यघटनेच्या २५३ व्या अनुच्छेदाप्रमाणे परदेशाशी झालेला करार अमलात आणण्यासाठी संसदेस सर्व देशासाठी कायदा करता येतो. म्हणजे दूरदेशी झालेली सही अशा वाटेने आपल्या ग्रामपंचायतीपर्यंत येऊन पोहोचते. दुसऱ्या बाजूस, वि. स. पागे ह्यांनी तासगाव भागात १९६५ पासून अजमावून पाहिलेली रोजगार हमीची कल्पना दुष्काळात राज्यभर पसरली, १९७७ साली तिचा कायदा झाला, आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. पहिली वाट जगाकडून गावाकडे आली. दुसरी गावातून राज्याकडे गेली आणि पुढे २००५ साली सर्व देशासाठी झालेल्या कायद्यास तिचा आधार मिळाला.

पुढचे करार थोडक्यात सांगतो. १९८७ साली १६ सप्टेंबरला माँट्रियल येथे ओझोनच्या थराविषयी करार झाला. आपल्याकडे १७ सप्टेंबर हा मुक्तिसंग्रामाचा दिवस, तेव्हा आदल्या दिवसाची आठवण ठेवणे कठीण नाही. शीतकपाटांत वापरले जाणारे वायू आकाशातील ओझोन खातात, असे शास्त्रज्ञांनी दाखविले होते. भारत आणि चीन आरंभी दूर राहिले. बिघाड श्रीमंतांनी केला, मग नव्या यंत्रांचा खर्च आम्ही का सोसावा, हा त्यांचा सवाल होता. १९९० साली लंडनच्या बैठकीत गरीब देशांच्या साहाय्यासाठी निधी ठरला, आणि १९९२ साली भारत करारात आला. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमात हे ओझोनचे काम पुढे राजेंद्र शेंडे ह्या मराठी माणसाने पुष्कळ वर्षे सांभाळले. सर्व राष्ट्रांनी मान्य केलेला आणि उघड फळ देणारा करार म्हणून आज त्याचे नाव घेतले जाते. भांडून, हिशेब मागून आणि मग शब्द पाळून तो यशस्वी झाला.

१९९२ साली रिओ दे जानेरो येथे हवामानाचा आणि जैवविविधतेचा असे दोन करार सह्यांसाठी खुले झाले. त्यांच्या पाठोपाठ १९९४ साली १७ जूनला पॅरिसमध्ये तिसरा करार मंजूर झाला, तो जमिनीच्या वाळवंटीकरणाचा. भारताने तो १९९६ साली स्वीकारला. पहिल्या दोघांचा गाजावाजा फार. ह्या तिसऱ्याचे नाव आपल्याकडे फारसे कोणी घेत नाही. आणि तोच आपला! वाळवंटीकरण म्हणजे राजस्थानची वाळू चालून येणे नव्हे. कोरड्या आणि निमकोरड्या प्रदेशात हवामानाच्या फेऱ्यामुळे आणि माणसाच्या वागणुकीमुळे जमिनीचा कस जाणे, असा अर्थ त्या करारात स्पष्ट केला आहे. बालाघाटाच्या उतारावरून पहिल्या वळवाबरोबर लाल होऊन धावणारे पाणी ज्याने पाहिले आहे, त्याला ह्या व्याख्येचे भाषांतर करून द्यावे लागणार नाही. ह्या कराराच्या राष्ट्रांची परिषद २०१९ च्या सप्टेंबरात दिल्लीजवळ ग्रेटर नोएडा येथे भरली. २०३० पर्यंत २६० लाख हेक्टर नापीक जमीन पुन्हा सुधारण्याचे उद्दिष्ट भारताने तेथे जाहीर केले. ह्या हेक्टरांत आपल्या भूम-परंड्याची, कळंब-वाशीची माळराने कोठे बसतात, हे कोणी विचारावयाचे?

येथे मी मूळ मुद्द्यावर येतो. ह्या करारांची अधिकृत प्रत सहा भाषांत असते : अरबी, इंग्रजी, चिनी, फ्रेंच, रशियन आणि स्पॅनिश. मराठी तीत नाही, हिंदीही नाही. ज्या शेतकऱ्याच्या बांधाविषयी करार बोलतो, त्याची भाषा करारास येत नाही, आणि कराराची भाषा शेतकऱ्यास येत नाही. १८४९ च्या पुण्यातील तरुणांपुढे होता तोच हा प्रश्न आहे. तेव्हा संस्कृत आणि मराठी ह्यांच्यामध्ये दरी होती. आज ती अधिक रुंद झाली आहे इतकेच. ती दरी ओलांडणारा दुभाषी हवा, आणि ते काम विद्यार्थ्याइतके चांगले दुसरे कोण करील? तो गावातून आलेला असतो, आणि महाविद्यालयात त्याला दुसरी भाषा मिळालेली असते.

अशा विद्यार्थ्यास आपल्या जिल्ह्यात विषयांची वाण पडणार नाही. दोन विषय उदाहरणादाखल सांगतो.

पहिला पाण्याचा. आपला जिल्हा घराच्या पाख्यांसारखा आहे. बालाघाटाच्या एका उताराचे पाणी तेरणा-मांजरेतून गोदावरीस जाते. दुसऱ्याचे सीना, भोगावती आणि बोरी ह्यांच्या वाटेने भीमेत आणि भीमेतून कृष्णेत. ह्या दोन मोठ्या नद्यांच्या वाटपासाठी १९६९ साली दोन लवाद नेमले गेले, आणि दोहोंचे अध्यक्ष न्यायमूर्ती बच्छावत होते. म्हणजे एकाच जिल्ह्यात पडलेला पाऊस दोन निवाड्यांखाली जातो. हे वाद राज्याराज्यांतील आहेत, राष्ट्राराष्ट्रांतील नव्हेत. पण वरचा आणि खालचा, आधीचा हक्क आणि नंतरची गरज, हे प्रश्न नाईलवर आणि सिंधूवर आहेत तेच येथेही आहेत. नळदुर्गच्या किल्ल्यात इब्राहीम आदिलशहा दुसरा ह्याच्या कारकिर्दीत बोरी नदी अडवून पाणीमहाल बांधला. भरल्या पावसाळ्यात नर-मादीचे धबधबे पाहावयास आपण सर्व जातो. त्या धरणाखालच्या शेतकऱ्यांना तेव्हा काय मिळाले आणि काय नाही, हे शोधावयास अजून कोणी जावे.

दुसरा विषय ऐकून हसू नका. तो शेळीचा आहे. उस्मानाबादी शेळी ही भारतातील नोंदलेली जात आहे. २०२३ साली जिल्ह्याचे नाव पुन्हा धाराशिव झाले, तरी शेळीच्या नावात जुने नाव राहिले आहे. बहुधा काळी, अनेकदा जुळी देणारी, आणि दुष्काळात बोरी-बाभळीच्या पाल्यावर तग धरणारी ही जात कोणा शास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत घडविलेली नाही. पिढ्यान्पिढ्या भूमिहीनांनी, विधवांनी, पोराबाळांनी निवड करीत ती राखली. जैवविविधतेच्या करारात रानटी प्राण्यांबरोबर पाळीव जातीही येतात; २००७ साली स्वित्झर्लंडमधील इंटरलाकेन येथे पशुधनाच्या जातींसाठी जागतिक कृतियोजना झाली; २०१० साली जपानमधील नागोया येथे, निसर्गसंपत्तीपासून होणाऱ्या लाभात ती राखणाऱ्यांचा वाटा असावा, असे ठरले. आता प्रश्न असा, की ह्या शेळीची राखण करणाऱ्या बाईला ह्यातील कोणता वाटा मिळाला? निबंधाला ह्यापेक्षा चांगला विषय मला सुचत नाही. आणि ह्याचे उत्तर ग्रंथालयात सापडणार नाही. त्यासाठी आठवड्याच्या बाजारात जाऊन उभे राहावे लागेल.

ह्या ठिकाणी एक इशारा दिला पाहिजे. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक गावाने आपल्या वनस्पतींची, प्राण्यांची आणि त्यांविषयीच्या ज्ञानाची नोंदवही ठेवावयाची आहे. कल्पना उत्तम. पण पुष्कळ वर्षे काम रेंगाळले, आणि राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घालून दंडाची तंबी दिल्यावर देशभर धावपळ उडाली. धावपळीत भरलेल्या वहीची किंमत काय असते, हे परीक्षेच्या आदल्या रात्री वही उतरवून काढणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक आहे. निबंधाच्या बक्षिसाचेही तसेच होऊ शकते. दहा पुस्तकांतून दहा उतारे घेऊन अकरावे पुस्तक करणारा निबंध बक्षीस मिळवील. त्याने जिल्ह्याचे एक झुडूपही वाचणार नाही. आता तर यंत्राकडून निबंध लिहवून घेण्याचीही सोय झाली आहे.

म्हणून माझी सूचना साधी आहे. आपल्या गावातील एखाद्या वाचनालयाने, किंवा ह्याच व्याख्यानमालेने, असे एक वार्षिक पारितोषिक ठेवावे. रक्कम मोठी नसली तरी चालेल. अटी मात्र तीन असाव्यात. निबंध मराठीत असावा. त्यात जगातील एका कराराचे कलम आणि जिल्ह्यातील एक गाव, दोन्ही असावीत. आणि विद्यार्थ्याने त्या गावी जाऊन निदान एका पावसाळ्याची मोजमापे स्वतः घेतलेली असावीत : विहिरीची पातळी, वाहून गेलेली माती, विकलेल्या शेळ्या, काहीही. बक्षिसाचा निबंध येथे, वसंतात, आपल्यासमोर वाचावयाचा, आणि त्या गावच्या माणसांनी पुढच्या रांगेत बसून तो ऐकावयाचा. चुकले असेल तेथे त्यांनी उठून सांगावे. परीक्षकांच्या गुणांपेक्षा ती परीक्षा कठीण ठरेल.

कोणी म्हणेल, अशाने करार बदलतील काय? ते मी सांगू शकत नाही. १७८५ साली पीटर पेकार्ड ह्यांनाही आपल्या लॅटिन निबंधाच्या विषयातून काय निघणार हे ठाऊक नव्हते. त्यांनी प्रश्न योग्य विचारला, इतकेच त्यांच्या हाती होते. १८४९ च्या अर्जावर सह्या करणाऱ्या तरुणांना आपल्या पदरी शिव्या पडणार एवढे दिसत होते. तरी त्यांनी सह्या केल्या, आणि त्यामुळे मराठीत ग्रंथ झाले. आपल्या मुलांना योग्य प्रश्न विचारण्याचे काम आपल्या हाती आहे. वळवाचे पहिले ढग आता दक्षिणेकडे दिसू लागतील. मृगापूर्वी आपण एवढे ठरविले, तर पहिल्या विद्यार्थ्याला मोजमापासाठी ह्याच वर्षीचा पावसाळा मिळेल.